संघाचीं सूत्रें बाईंच्या हातीं

बास्केटबॉल जन्मला तो १८९१ च्या डिसेंबरांत, अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड गांवीं. पुढल्याच वर्षीं जवळच्या स्मिथ कॉलेजांत सेंडा बेरेन्सन ह्या शिक्षिकेनें तो मुलींना शिकविला. मात्र मुलींची दमछाक होऊं नये म्हणून तिनें मैदानाचे तीन भाग केले व ज्या भागांत जी उभी तिनें तो ओलांडूं नये, असा नियम घातला. ही रेघ हळूहळू पुसली गेली. पण खेळणें निराळें आणि खेळविणें निराळें! ह्या दुसऱ्या अधिकाराची कथा मी आज नॅन्सी लीबरमनबाईंच्या चरित्रावरून सांगणार आहें.

१९५८ सालीं ब्रुकलिनमध्यें जन्मलेल्या ह्या बाई न्यूयॉर्कच्या उघड्या मैदानांवर मुलग्यांशीं झुंजतच वाढल्या. १९७६ च्या ऑलिंपिकांत, अवघ्या अठराव्या वर्षीं, अमेरिकन संघाबरोबर त्यांना रौप्यपदक मिळालें. कॉलेजच्या संघासह १९७९ व १९८० सालीं राष्ट्रीय अजिंक्यपदही झालें. परंतु त्यापुढें काय? बायकांची पहिली धंदेवाईक लीग १९७८ सालीं निघाली आणि १९८१ सालीं मिटली. तेव्हां १९८६ सालीं लीबरमनबाई पुरुषांच्या एका धंदेवाईक संघांतून खेळल्या. तो संघही त्याच स्प्रिंगफील्डचा, हा योगायोग मौजेचा.

येथें एक विचित्र गोष्ट सांगितली पाहिजे. १९७२ सालीं अमेरिकेंत कायदा झाला कीं, सरकारी साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांनीं स्त्रीपुरुषभेद करूं नये. मुलींच्या खेळांस पैसा आला, प्रतिष्ठा आली. आणि काय झालें? पूर्वीं कॉलेजांतील मुलींच्या संघांपैकीं शेंकडा ९० हून अधिक संघांच्या शिक्षक बायका होत्या. पुढें हें प्रमाण निम्म्याहूनही खालीं आलें. जागेला मोल नव्हतें तोंवर ती बायकांची होती. मोल आलें तसे पुरुष उमेदवार पुढें आले. मला तर ह्यांत आपल्याकडील स्वयंपाकघर आणि खानावळ ह्यांचा न्याय दिसतो.

१९९७ सालीं बायकांची नवी लीग निघाली तेव्हां वयाच्या ३९ व्या वर्षीं लीबरमनबाई फिनिक्सच्या संघांतून खेळल्या. दुसऱ्याच वर्षीं डेट्रॉइटच्या नव्या संघानें त्यांना व्यवस्थापक व मुख्य शिक्षक अशा दोन्ही जागा दिल्या. कोणता खेळाडू घ्यावा, कोणाचा बदला करावा, हें व्यवस्थापक ठरवितो. हातीं आलेल्या गड्यांतून संघ उभा करणें हें शिक्षकाचें काम. ह्या दुहेरी जागेंत अपयशाचा दोष ढकलायला दुसरें कोणी उरत नाहीं. पहिल्या हंगामांत ३० पैकीं १७ सामने त्यांनीं जिंकले. तीन हंगाम त्या तेथें होत्या.

खरी कसोटी पुढेंच होती. २००९ सालीं टेक्सास लेजंड्स ह्या पुरुषांच्या संघाच्या मुख्य शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. एन. बी. ए. ह्या सर्वांत मोठ्या लीगच्या उंबरठ्यावर तिष्ठणाऱ्या तरुणांची ही दुय्यम लीग. तेथें मुख्य शिक्षकपदीं स्त्री पूर्वीं कधीं आली नव्हती. साडेसहा फुटी जवान बाईंचा शब्द मानतील काय, अशी शंका घेणाऱ्यांना मला एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, वर चढूं पाहणारा मनुष्य शिडीची जात विचारीत नाहीं. २०१०–११ च्या हंगामांत २४ जय व २६ पराजय झाले. आकडा दिपविणारा नव्हे, तरी संघ बादफेरीपर्यंत पोहोंचला. पुढल्या वर्षीं बाई त्याच संघाच्या व्यवस्थापनांत गेल्या.

२०१५ सालीं त्या सॅक्रॅमेंटोच्या एन. बी. ए. संघांत साहाय्यक शिक्षक झाल्या. २०१८ सालीं तिघा-तिघांच्या नव्या लीगमध्यें त्यांच्या पुरुष-संघानें अजिंक्यपद मिळविलें. त्यांच्याआधीं एकच वर्ष, २०१४ सालीं, बेकी हॅमन ह्या सॅन अँटोनियोच्या संघांत साहाय्यक झाल्या होत्या. ३० डिसेंबर २०२० रोजीं त्या संघाच्या मुख्य शिक्षकास पंचांनीं बाहेर घालविलें, आणि उरलेला सामना हॅमनबाईंनीं चालविला. एन. बी. ए. च्या सामन्यांत संघाचीं सूत्रें एका स्त्रीच्या हातीं येण्याचा तो पहिला प्रसंग. आणि तोही पंचांच्या रागामुळें आला!