ओली फरशी आणि सेवेकरी

हुबळीच्या दुर्गदबैल या नावातील ‘बैल’ म्हणजे जनावर नव्हे. कानडीत ‘बयलु’ म्हणजे मोकळे पटांगण. दुर्गदबैल म्हणजे किल्ल्याचे पटांगण. या गजबजलेल्या बाजारात कोणाचा पाय घसरला, तर चार हात पुढे येतात. रुग्णालयातील परिचारिका किंवा झाडूवाली कामावर घसरली, तर मात्र ‘पाहून चालावे’ एवढाच उपदेश तिच्या वाट्याला फार काळ येत राहिला.

या घसरण्यालाही इतिहास आहे. १८६७ साली लिस्टरने कार्बोलिक आम्लाची जंतुनाशक पद्धती प्रसिद्ध केली. जंतूंचे ज्ञान वाढले, तशी रुग्णालयांतून वारंवार धुता येणारी गुळगुळीत जमीन आली. तळवा आणि फरशी यांमध्ये साबणाच्या पाण्याचा पातळ थर राहिला की पकड सुटते. आणि रोगी सावरणाऱ्याचे हात स्वतःला सावरण्यास मोकळे नसतात. रोग्याला वाचविणारी स्वच्छताच अशा रीतीने सेवेकऱ्याला पाडते.

कायदा या फरशीपर्यंत सावकाश पोहोचला. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने कामावरील अपघाताची जबाबदारी मालकावर टाकली. परंतु त्याच्या यादीत कारखाने, खाणी, रेल्वे होत्या, वॉर्डातील सेवा नव्हती. १९४८ च्या कारखाना कायद्यात १९७६ साली दुरुस्ती होऊन, पाय घसरेल असे पदार्थ जमिनीवर राहू देऊ नयेत, अशी आज्ञा आली. तीही कारखान्यापुरतीच.

मधल्या काळात, १९६० साली, मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहातील कमी केलेल्या नोकरांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयालाही ‘उद्योग’ मानले. निकाल देणारे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर हे धारवाडच्या कर्नाटक कॉलेजचे विद्यार्थी. दावा नोकरीचा होता, अपघाताचा नव्हे. तथापि ज्याला केवळ सेवा म्हणत, ते कामही आहे, हे त्यातून मान्य झाले. १९७० मध्ये हे मत फिरले. १९७८ मध्ये बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात ते पुन्हा प्रस्थापित झाले. २०२० च्या संहितेने अखेर दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांत सुरक्षित जागा देणे हे मालकाचे कर्तव्य ठरविले.

१९५७ साली हुबळीत वैद्यकीय महाविद्यालय निघाले. तेथे असो वा मुंबईत, उपाय साधाच आहे: धुतल्यावर फरशी कोरडी पुसावी, ओली असेतो वाट अडवावी, खरखरीत तळाची पादत्राणे द्यावीत. पडणाऱ्याला दोष देण्यापूर्वी फरशी पाहावी.