इंग्लंडातील चर्चची बालवीर पथके आणि त्यांचे वर्ष

बालवीर चळवळीचा इतिहास सांगणारे बहुतेक लेखक ब्राउन्सी बेटापासून आरंभ करतात, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण १ ऑगस्ट १९०७ रोजी डॉर्सेट परगण्यातील पूल बंदरासमोरच्या त्या लहानशा बेटावर बेडन-पॉवेल यांनी वीस मुलांना आणि आपल्या नऊ वर्षांच्या पुतण्याला घेऊन जे शिबिर भरवले, तेथूनच या चळवळीला तिचे आजचे रूप प्राप्त झाले. परंतु इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत आणि गिरणगावांच्या गल्ल्यांत ही चळवळ कोणाच्या आश्रयाने रुजली, तिला बसावयास जागा कोणी दिली आणि तिच्या वर्षाची आखणी कोणाच्या पंचांगावरून झाली, असे प्रश्न मनात घेऊन शोध करू लागल्यास आपणास ब्राउन्सीच्याही मागे चोवीस वर्षे जाऊन ग्लासगो शहरातील एका चर्चच्या सभागृहाच्या दाराशी थांबावे लागते.

या सभागृहात, नॉर्थ वुडसाइड रस्त्यावरील फ्री चर्चच्या मिशन हॉलमध्ये, ४ ऑक्टोबर १८८३ रोजी विल्यम अलेक्झांडर स्मिथ यांनी ‘बॉइज ब्रिगेड’ची स्थापना केली. स्मिथ हे पेशाने व्यापारी, हौशी सैन्यदलातील अधिकारी आणि रविवारच्या शाळेतील शिक्षक असे तिहेरी गृहस्थ होते, आणि त्यांच्यापुढील अडचण त्या काळच्या प्रत्येक चर्चच्या परिचयाची होती: बारा-तेरा वर्षांचा झालेला मुलगा रविवारच्या शाळेत मन लावीत नसे, दंगा करी आणि लवकरच येईनासा होई. जी शिस्त शनिवारी सैनिकांना शिकविण्यात आपण तरबेज आहोत, तीच रविवारी या मुलांच्या उपयोगी का पडू नये, हा विचार स्मिथ यांना सुचला आणि त्यांनी कवायत, गणवेश, हजेरी आणि बायबलचा वर्ग यांची एकत्र सांगड घातली. १८८६ च्या जुलैत त्यांनी आपल्या मुलांना ग्लासगोच्या धुरातून बाहेर काढून टिनाब्रुआइक या समुद्रकाठच्या गावी मुक्कामास नेले. चर्चच्या मुलांनी उन्हाळ्यात घरापासून दूर, आपल्या शिक्षकाबरोबर, एकत्र राहावे हा शिरस्ता तेथून पडला. आणि पुढे बालवीरांच्या वर्षातील सर्वांत मोठा सोहळा जो उन्हाळी शिबिराचा, त्याचे मूळ मला तरी ब्राउन्सीपेक्षा अधिक या मुक्कामात दिसते. स्मिथ यांचे अनुकरण लगेच झाले. १८९१ मध्ये इंग्लंडच्या चर्चने ‘चर्च लॅड्स ब्रिगेड’ काढली, १८९५ मध्ये ज्यूंनी आणि १८९६ मध्ये कॅथलिकांनी आपापल्या मुलांसाठी तशाच संघटना उभारल्या.

बेडन-पॉवेल या वर्तुळात आले ते १९०४ च्या एप्रिलात, ग्लासगो येथे ब्रिगेडच्या एकविसाव्या वर्षानिमित्त झालेल्या संचलनाची सलामी घेण्यासाठी. दक्षिण आफ्रिकेतील मॅफकिंगचा २१७ दिवसांचा वेढा सोसलेला सेनानी म्हणून त्यांची ख्याती तेव्हा शिगेला पोहोचली होती. सात हजारांच्या आसपास मुले शिस्तीने चालताना पाहून ते प्रसन्न झाले, पण कवायतीने मुलांचे डोळे आणि बुद्धी जागी होत नाही, ही आपली शंकाही त्यांनी बोलून दाखविली. तेव्हा सैनिकांसाठी लिहिलेले आपले १८९९ चे टेहळणीचे पुस्तक मुलांसाठी नव्याने लिहा, अशी सूचना त्यांना स्मिथ यांनीच केली. ब्राउन्सीवरील मुलांत निम्मी श्रीमंतांच्या निवासी शाळांतील आणि निम्मी पूल व बोर्नमथ येथील बॉइज ब्रिगेडची होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या दोन प्रवाहांचा संगम किती प्रत्यक्ष होता हे कळते.

पुढे जानेवारी १९०८ पासून ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक पंधरवड्याच्या अंतराने सहा भागांत, प्रत्येकी चार पेन्स किमतीला, बाजारात आले, आणि जे घडले त्याची तजवीज कोणीच केलेली नव्हती. मुलांनी स्वतःच पुस्तक विकत घेतले, स्वतःच टोळ्या जमविल्या, काठ्या तोडल्या, आणि मग कोणा तरी मोठ्या माणसाचे दार ठोठावले. मोठा माणूस हवा होता तो नेता म्हणून, आणि जागा हवी होती ती पावसात भिजू नये म्हणून. इंग्लंडच्या पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील वस्तीत, या दोन्ही गोष्टी ज्याच्याजवळ होत्या असा मनुष्य म्हणजे तेथील धर्मोपदेशक किंवा त्याचा तरुण साहाय्यक. कारण त्याच्या हाताशी पॅरिश हॉल होता, त्याच्या किल्ल्या होत्या, आणि संध्याकाळच्या दोन घटका मुलांना देणे हे तो आपले कर्तव्यच मानी. सप्टेंबर १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर सुमारे ११,००० मुले एकत्र जमली, तेव्हा त्यांतील कितीतरी पथके अशाच चर्चच्या सभागृहातून निघून आलेली होती.

या आश्रयाला अटी होत्या, आणि त्या अटींवरून तंटेही झाले. काही पथके ‘बंद’ असत, म्हणजे त्या चर्चच्या किंवा त्या पंथाच्या मुलांखेरीज तेथे इतरांना प्रवेश नसे. काही ‘खुली’ असत. महिन्यातून एका रविवारी पथकाने निशाणासह चर्चमध्ये संचलनाने यावे, उपासनेच्या आरंभी निशाणे वेदीपाशी धर्मोपदेशकाच्या हाती द्यावीत आणि अखेरीस परत घ्यावीत, असा पुष्कळ ठिकाणी नियम होता. आणि ज्या घरी धर्माचे वातावरण नव्हते तेथील मुलगा या रविवारी नेमका आजारी पडत असे. बेडन-पॉवेल यांनी शपथेत ईश्वराविषयीचे कर्तव्य पहिल्याने घातले होते, पण कोणत्याही एका पंथाकडे चळवळ सोपवावयास ते तयार नव्हते. शिबिरात सर्व पंथांच्या मुलांनी मिळून, झाडाखाली उभे राहून करावयाच्या लहानशा प्रार्थनासभेचा पर्याय त्यांनी पुढे केला. संस्थापकाचा हा उदार आग्रह आणि धर्मोपदेशकाचा हक्काचा आग्रह यांच्या ओढाताणीतही पथके टिकून राहिली, याचे श्रेय मी दोन्ही पक्षांच्या सामंजस्याला देतो. परंतु त्याहून मोठे श्रेय चर्चच्या पंचांगाला देणे मला न्याय्य वाटते. नेता लग्न करून दुसऱ्या गावी गेला, साहाय्यक धर्मोपदेशकाची बदली झाली, युद्धात तरुण मंडळी निघून गेली, तरी सण आपल्या तिथीला येतच राहिले, आणि प्रत्येक सणाबरोबर पथकाचे काही ना काही काम ठरलेले होते.

वर्षाचा प्रारंभ फेब्रुवारीच्या २२ तारखेला, म्हणजे बेडन-पॉवेल यांच्या जन्मदिनी, धरावा असे मला वाटते. मुले सभागृहात जमून त्या दिवशी पुन्हा शपथ उच्चारीत. त्यानंतर उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी, मातांच्या स्मरणार्थ, चर्चमध्ये लहान लहान फुलांचे गुच्छ वाटावयाचे. मग २३ एप्रिलला संत जॉर्जचा दिवस: घोड्यावर बसून सर्पासुराशी झुंजणारा हा संत इंग्लंडचा रक्षक, आणि बेडन-पॉवेल यांनी बालवीरांसाठीही त्यालाच आश्रयदाता नेमले होते. या दिवसाच्या जवळच्या रविवारी गावोगाव निशाणांची मिरवणूक निघे, आणि विंडसरच्या किल्ल्यातील सेंट जॉर्ज चॅपलमध्ये देशभरच्या निवडक बालवीरांची राष्ट्रीय उपासना होई.

ईस्टरच्या सुटीच्या आठवड्याला १९४९ पासून एक नवाच रंग चढला. त्या वर्षी संघटनेने ‘बॉब-अ-जॉब’ सप्ताह सुरू केला: मुलाने शेजारच्या घरी जाऊन काम मागावे, एक शिलिंग (बोलीत ‘बॉब’) मेहनताना घ्यावा, आणि तो पैसा पथकाच्या व संघटनेच्या खजिन्यात जमा करावा. अर्ध्या विजारीतला, गळ्यात रुमाल बांधलेला बारा वर्षांचा मुलगा हाती छापील कार्ड घेऊन दार वाजवी. घरधनीण त्याला अंगणातले गवत कापावयास, बूट पॉलिश करावयास, कोळसा आत आणून ठेवावयास सांगे. काम संपल्यावर कार्डावर कामाचे नाव, रक्कम आणि तिची सही होई, आणि मुलगा खिडकीला एक चिठ्ठी चिकटवून जाई, म्हणजे दुसऱ्या कोणी बालवीराने त्या घरास पुन्हा तसदी देऊ नये. कार्डावरील नोंदी, सह्या आणि बेरीज यांची पथकनायकाकडून रुजुवात होई. भिक्षा न मागता कष्टाने निधी जमविण्याचा हा मार्ग, युद्धोत्तर टंचाईच्या त्या दिवसांत, मुलांना जितका आवडला तितकाच गृहिणींनाही सोयीचा वाटला.

ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी येणाऱ्या पेंटेकॉस्टच्या सणाला जोडून सोमवारची सुटी असे, आणि तेव्हा मोसमातील पहिले शिबिर भरे. तंबू, भांडी, दोर, निशाणकाठी हे सारे सामान दोनचाकी हातगाडीवर रचावयाचे आणि आठ-दहा मुलांनी दोरांनी ती गाडी ओढीत, गावाबाहेरच्या एखाद्या शेतकऱ्याच्या कुरणापर्यंत न्यावयाची. शहरातील गरीब मुलास गाईचे दूध काढताना पाहण्याचा, ओल्या लाकडांवर अन्न शिजविण्याचा आणि अंधारात शेकोटीभोवती गाण्याचा पहिला अनुभव अशाच शिबिरात येई. याची मोठी आवृत्ती ऑगस्टमध्ये, पूर्ण आठवड्याची, बहुधा समुद्राकाठी असे.

त्या ऑगस्टच्या शिबिरांपैकी एकाची हकिगत इंग्लंड विसरलेले नाही. १९१२ साली लंडनच्या वॉलवर्थ या गरीब वस्तीतील पथक एका जुन्या नौकेतून, वॉटर्लू पुलापासून थेम्स नदीने समुद्राच्या दिशेने, शेपी बेटावरील लेसडाउन येथे शिबिरासाठी निघाले. ४ ऑगस्टला किनारा जवळ आलेला असताना एकाएकी वाऱ्याचा झोत आला, नौका उलटली, आणि नायकाने व किनाऱ्यावरील रक्षकांनी शिकस्त करूनही नऊ मुले बुडाली. त्यांतील आठ बालवीर होती. नौदलखात्याचे मंत्री विन्स्टन चर्चिल यांनी मृतदेह लंडनला आणण्यासाठी ‘फर्व्हंट’ ही विनाशिका पाठविली. वॉलवर्थच्या सेंट जॉन्स चर्चमध्ये शवपेट्या ठेवण्यात आल्या, आणि नन्हेडच्या दफनभूमीपर्यंतच्या रस्त्यांवर लंडनकरांची अफाट गर्दी लोटली. वस्तीतल्या मुलांना ज्या चर्चने हवापालटास पाठविले, त्याच चर्चला त्यांना निरोप द्यावा लागला. जुन्या पथकांनी जलशिबिरांविषयी पुढे जी सावधगिरी बाळगली, तिच्यामागे ही हकिगत उभी आहे हे मुलांच्या आईबापांना माहीत होते. आणि तरीही त्यांनी मुलांना शिबिरास पाठविणे थांबविले नाही, हे मला विशेष नोंदण्याजोगे वाटते.

सप्टेंबरअखेरीस सुगीच्या उपासनेसाठी धान्याच्या पेंढ्या, भोपळे, सफरचंदे चर्चमध्ये मांडावयाची आणि मागाहून ती गावातील वृद्धांच्या घरी पोचवावयाची, हे काम बालवीरांकडे आले. इंग्लंडात दरसाल ५ नोव्हेंबरला पेटविली जाते त्या होळीसाठी लाकडे गोळा करावयाची. आणि त्याच महिन्यात, पहिल्या महायुद्धानंतर, युद्धात पडलेल्यांच्या स्मरणाचा दिवस पथकाच्या पंचांगात कायमचा दाखल झाला. त्याला खोल अर्थ होता: युद्धकाळात बालवीरांनी समुद्रकिनाऱ्यावर पहारे दिले होते, लंडनवरील हवाई हल्ला संपल्याची वर्दी बिगूल फुंकून दिली होती, आणि थोड्या मोठ्या झालेल्या मुलांनी व त्यांच्या नायकांनी रणांगणावर प्राण दिले होते, त्यांची नावे चर्चच्या भिंतीवरील दगडी फलकांवर कोरलेली होती. अशा फलकासमोर निशाण वाकवून उभे राहणाऱ्या मुलाला, त्याच्या पथकाचा मागचा नायक कोण होता, हे निराळे सांगावे लागत नसे.

थंडीच्या महिन्यांत सभागृहातील चार कोपरे चार टोळ्यांत वाटले जात. तेथे गाठी, प्रथमोपचार, नकाशावाचन यांची उजळणी चाले. राल्फ रीडर यांनी १९३२ च्या ऑक्टोबरात लंडनच्या स्काला नाट्यगृहात बालवीरांचा ‘गँग शो’ रंगभूमीवर आणल्यावर, त्याच धर्तीवर गाण्यांची आणि प्रहसनांची हौस पॅरिश हॉलच्या लाकडी रंगमंचावरही पोचली. या सर्वांचा वृत्तांत पॅरिशच्या मासिकात, बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांच्या नोंदींबरोबर, अर्ध्या पानात येई: तंबूनिधीत किती जमले, जुन्या वस्तूंच्या विक्रीस कोणी काय द्यावे, शिबिरास कोठे जावयाचे ठरले. इतिहास लिहिणाऱ्यास या अर्ध्या पानाइतके विश्वसनीय दफ्तर दुसरे नाही.

आपल्या मुलखाशी या परंपरेचा संबंध लवकरच आला. १९०९ मध्ये बंगळूर येथे पहिले पथक निघाले आणि पुढील दोन वर्षांत खडकी, लोणावळा, जबलपूर या ठिकाणच्या पथकांची लंडनच्या कचेरीत नोंद झाली. मात्र त्यांत युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांनाच प्रवेश होता. ही भिंत ॲनी बेझंट यांनी मद्रासेत आणि पंडित मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनी उत्तर हिंदुस्थानात स्वतंत्र संघटना काढून ओलांडली, आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काउट्स अँड गाइड्स’ ही एकत्र संघटना अस्तित्वात आली. एका चर्चच्या प्रार्थनेच्या जागी सर्वधर्म प्रार्थना आली, आणि आपल्या देशात पथकाला आश्रय मिळाला तो बहुतांशी शाळांचा.

इंग्लंडात संघटनेच्या सुधारणांविषयीच्या १९६६ च्या अहवालानंतर अर्ध्या विजारी गेल्या, नावातील ‘बॉय’ हा शब्दही गेला. १५ फेब्रुवारी १९७१ रोजी चलनपद्धती बदलली आणि शिलिंगाबरोबर ‘बॉब-अ-जॉब’चा अर्थ हरपला. १ जानेवारी २०१४ पासून, ज्यांची ईश्वरावर श्रद्धा नाही त्यांच्यासाठी निराळी शपथ उपलब्ध झाली. चर्चच्या छायेत वाढलेल्या चळवळीने हा निर्णय घेतला, याला मी तिची प्रौढता समजतो. पंचांगात नवी भरही पडत राहिली. १९८१ च्या कायद्याने टपालखात्याची मक्तेदारी सैल झाली आणि धर्मादाय संस्थांना २५ नोव्हेंबर ते १ जानेवारी या मुदतीत नाताळची शुभेच्छापत्रे पोचविण्याची परवानगी मिळाली, तेव्हा अनेक गावांतील बालवीरांनी आपली स्वस्त तिकिटे काढली. डिसेंबरात पॅरिश हॉलमधील मेजांवर गल्लीगणिक पत्रांचे गठ्ठे लावले जाऊ लागले, मुले ती घरोघर पोचवू लागली, आणि त्यातून जमणारी रक्कम पथकाच्या जमाखर्चात येत्या उन्हाळ्याच्या शिबिराच्या नावे पडू लागली.