नगरच्या पाहणीची कुळकथा

पीएच.डी.च्या प्रबंधात संशोधन पद्धतीचं एक प्रकरण असतं आणि त्यात दोन ठरलेले परिच्छेद असतात. प्राथमिक सामग्री म्हणजे प्रश्नावली, मुलाखत, निरीक्षण. दुय्यम सामग्री म्हणजे जनगणना, गॅझेटिअर, सरकारी अहवाल. नगर जिल्ह्यावर, म्हणजे आजच्या अहिल्यानगरवर काम असलं की दुसऱ्या परिच्छेदात १८८४ चं गॅझेटिअर हमखास येतं. पण त्यातला आकडाही कधीतरी कुणीतरी चावडीवर बसून, लोकांना विचारून मिळवलेला असतो. तो कुणी विचारला आणि कशासाठी, हे प्रबंधात सहसा कुणी लिहीत नाही. या जिल्ह्यात विचारणाऱ्यांची परंपरा दोनशे वर्षांची आहे, आणि त्यांतले दोघे-तिघे तर फारच नामी आहेत.

त्याआधी चौकशी होत नव्हती असं नाही. निजामशाहीत मलिक अंबरने सारा बसवला तो जमिनीचा अंदाज घेऊनच. गावोगावच्या कुलकर्ण्यांच्या दप्तरांत कोण किती कसतो याच्या याद्या रुमालात बांधून ठेवलेल्या असत. पण ती चौकशी वसुलीपुरती. सरकारचा माणूस आकडा विचारतोय म्हणजे पुढे काय येणार हे रयत ओळखून असे, आणि उत्तर त्या बेताने देई. १८१८ मध्ये पेशवाई गेली. त्यानंतर दख्खनचा कमिशनर चॅपलिन याने कलेक्टरांकडे प्रश्नांची यादीच पाठवली आणि आलेल्या उत्तरांवरून १८२२ चा अहवाल लिहिला. नगर जिल्ह्याशी प्रश्नावलीची गाठ पडली ती साधारण इथे.

खरा गडी मात्र विल्यम हेन्री साइक्स. मूळचा फौजी, १८१७ च्या खडकीच्या लढाईत तो इंग्रजांकडून लढला होता. १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्याला संख्याविषयक माहिती गोळा करायला नेमलं. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हे चार जिल्हे त्याच्याकडे होते. १८२९ मध्ये पदच रद्द झालं, तरी गडी थांबला नाही. १८३१ पर्यंत काम करत राहिला. माणसं, जमीनधारा, बाजारभाव, मजुरी, सगळं त्याने टिपलं. सोबत हवेचा दाब मोजायचं यंत्र नेलं होतं. त्यावरून दख्खनच्या हवेत दाब रोज ठरावीक वेळी चढतो आणि उतरतो हे त्याने १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या पत्रिकेत मांडलं. पाखरं आणि मासेही सोडले नाहीत. त्याने वर्णन केलेल्या एका माशाचं शास्त्रीय नाव आजही ‘तोर खुद्री’ आहे. इथल्या कोळ्यांच्या तोंडचे मराठी शब्द त्याने असे बरेच लॅटिनमध्ये घातले. माहिती देणाऱ्याची खूण कागदावर राहिली ती बहुधा तेवढीच.

जमिनीच्या बाबतीत साइक्सने केलेलं एक काम आजच्या संशोधकालाही धडा देईल. मिरासदार, म्हणजे थळकरी, कोण आणि उपरी कोण, हे त्याने लोकांना विचारलं. पण तेवढ्यावर भागवलं नाही. गावचा जुना थळझाडा, म्हणजे जमिनीच्या थळांची यादी, मागवून पाहिली. त्यात थळांना घराण्यांची नावं होती. कितीतरी घराणी केव्हाच नाहीशी झालेली. त्यांच्या जमिनीला गतकुळी म्हणत. माणसं उरली नव्हती, पण थळाला त्यांचं नाव तसंच होतं. तोंडी उत्तर आणि जुना कागद शेजारी ठेवले की दोन्हींतलं खोटं हाती लागतं, हे याला कुणी शिकवलं नव्हतं. विलायतेत गेल्यावर हाच साइक्स लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या संस्थापकांत होता आणि १८६३ ते १८६५ तिचा अध्यक्ष होता. पण त्याची दख्खनमधली चौकशी मुळात सरकारी पैशाने आणि सरकारसाठी सुरू झाली, हेही विसरू नये.

पुढची मोठी चौकशी सरकारच्या गळ्याशी आल्यावर झाली. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांविरुद्ध दंगा पेटला आणि वणव्यासारखा नगर जिल्ह्यात शिरला. पारनेर, श्रीगोंदे, नगर आणि कर्जत हे तालुके त्यात आले. बहुतेक ठिकाणी जमावाला सावकाराचा जीव नको होता, त्याचे रोखे आणि खतपत्रं हवी होती. ती हिसकावून जाळली. कागद म्हणजे कर्ज, हे त्यांनी अचूक ओळखलं होतं. संशोधकाच्या नजरेने पाहिलं तर सगळ्यात मोलाचा पुरावाच आगीत गेला. मग सरकारने दख्खन दंगे आयोग नेमला. आयोगाने साक्षी घेतल्या आणि नगर जिल्ह्यातल्या १२ गावांत कर्जाचा शोध घेतला. निघालेली गोष्ट लहान आणि जबरी होती. सरकारी जमिनीच्या खातेदारांपैकी सुमारे एक तृतीयांश कर्जात बुडालेले. त्यांचं कर्ज सरासरीने साऱ्याच्या १८ पट. आणि त्यातलं जवळपास दोन तृतीयांश कर्ज जमीन गहाण ठेवून काढलेलं. यातून १८७९ चा दख्खन कृषक कर्जनिवारण कायदा आला. सारा जास्त बसला म्हणून रयत नागवली असं सरकारने सहजी कबूल करणं कठीण होतं, त्यामुळे सगळा रोख सावकारावर राहिला. आयोग कोणी नेमला हे माहीत असेल तरच त्याची मांडणी नीट वाचता येते. इतिहासकार आजही हे आकडे वापरतात, आणि वापरावेतच. पण आपण सरकारच्या चष्म्यातून पाहतोय हे ध्यानात ठेवावं.

तिसरी पाहणी या सगळ्यांहून वेगळी, कारण तिच्यामागे वसुली नव्हती आणि दंगाही नव्हता. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांनी १९३८ च्या सुमारास गोदावरी आणि प्रवरा कालव्यांखालच्या शेतीची पाहणी हाती घेतली. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं होतं. दुष्काळापासून संरक्षण म्हणून बांधलेले हे कालवे पाटबंधारे खात्याच्या वहीत तोट्यातच दिसत, कारण वहीत जमेच्या बाजूला काय ते पाणीपट्टीचं उत्पन्न. गाडगीळांचा प्रश्न असा की पाणी आल्यावर फायदा फक्त खात्याला होतो का? बागाईतदाराला काय मिळालं? मजुराला किती दिवस काम मिळालं? गाडीवाल्याला, दुकानदाराला काय?

खात्याच्या नोंदींतून हे निघणार नव्हतं. मग बागाईत गावांतली कुटुंबं आणि त्यांच्याशी पडताळायला जिराईत गावांतली कुटुंबं, असा घाट घातला. वरवर साधं वाटतं, पण सगळं मर्म इथेच आहे. नुसत्या बागाईत गावात जाऊन ‘पाण्याने बरं झालं का?’ विचारलं तर ‘झालं’ असंच उत्तर येणार. पाणी नसतं तर काय झालं असतं, ते पलीकडच्या कोरड्या गावात दिसतं. शिवाय शेतकऱ्याला खर्च विचारणं हे वेगळंच प्रकरण. घरच्या बैलांचा कडबा, घरच्या बाईची खुरपणी, यांचे पैसे कोण धरतो? आणि कर्जाचा प्रश्न निघाला, त्यात ओसरीवर चार माणसं जमलेली असली, की ताकास तूर लागत नाही. आजही प्रश्नावली घेऊन गेलेल्या पोरांना ते पहिल्याच दिवशी कळतं. पाहणीचा ग्रंथ १९४८ मध्ये छापून आला. सिंचनाचे प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष फायदे वेगळे काढून मोजण्याचा भारतातला हा आरंभीचा मोठा प्रयत्न होता.

मधल्या काळात, १९४५ मध्ये, बेलापूर रोडला बागाईतदारांची परिषद भरली आणि तिचं अध्यक्षपद गाडगीळांकडे आलं. तिथून सहकारी साखर कारखान्याचा विचार पुढे सरकला. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव भागभांडवल गोळा करत फिरले. १९५० मध्ये प्रवरेचा कारखाना सुरू झाला, आणि त्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळच. पाहणीमुळे कारखाना झाला असं म्हणणं म्हणजे विख्यांची वणवण पुसून टाकणं. पण या भागातल्या शेतकऱ्याचा जमाखर्च ज्याने मांडला, तोच पुढे त्यांच्या कारखान्याच्या खुर्चीत बसला. साइक्सला किंवा दंगे आयोगाला अशी पाळी आली नाही.

आता नोंदणीचं काम उलट्या दिशेला चाललं आहे. गाव नमुना बारामध्ये शेतात काय पीक आहे हे पूर्वी तलाठी भरे. शिवारात फिरून भरे की चावडीत बसून, हा नगरी गप्पांचा जुना विषय. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी स्वतःच बांधावर उभा राहून मोबाइलवर पीक नोंदवतो, फोटो काढतो आणि पाठवून देतो. नोंदवणारा आणि सांगणारा प्रथमच एकच झाला. मात्र रेंज नाही, फोन जमत नाही, म्हणून नोंदी राहू लागल्या आणि गावोगाव सहायक नेमावे लागले. म्हणजे दुसऱ्याच्या शेतात काय आहे ते लिहून घेणारा तिसरा माणूस पुन्हा आलाच, आणि त्याने काय लिहिलं हे पाहायला तलाठी आहेच.