घरी बांधलेल्या विमानात इंजिनाला हवा कुठून मिळते?
घरी बांधलेल्या विमानात हवेचा मार्ग साधा दिसतो, पण तो तुंबला तर इंजिन आकाशातच बंद पडू शकतं. मार्गाचं तोंड समोर ठेवलं, की वेगामुळे हवा आत दाबली जाते. समुद्रसपाटीजवळ ताशी ३०० किलोमीटर वेगाला दाब जेमतेम ४ टक्के वाढतो. धूळ अडवायला फिल्टर लागतो.

खरा धोका बर्फाचा. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना तापमान इतकं घसरतं, की बाहेर २० अंश सेल्सिअस असलं तरी दमट हवेत आत बर्फ साचतो. म्हणून एक्झॉस्ट पाइपभोवती तापलेली हवा आत सोडणारी झडप बसवतात. पायलट ती कॉकपिटमधून उघडतो. ही हवा फिल्टरला वळसा घालून येते. त्यामुळे फिल्टर तुंबला, तरी इंजिनाचा श्वास चालू राहतो.