लामत्याचे रान आणि बेताच्या पैशाची रायफल

बालाघाटहून नैनपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर लामता हे लहानसे गाव लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-नागपूर रेल्वेचा अरुंद मार्ग या मुलखातून गेला आणि साग, बांबू, साल यांची ही राने एकाएकी जगाच्या नकाशावर आली. गावाभोवती धानाच्या बांध्या आणि बांध्यांच्या कडेपासूनच रान, अशी येथील मांडणी. धान ओंबीवर आले की रानडुकरांचे कळप रात्री शेतात उतरत, चितळ-सांबरे पहाटेपर्यंत चरून जात आणि त्यांच्या मागोमाग बिबळ्या नाहीतर पट्टेरी वाघ गोठ्यापर्यंत येई. अशा गावी बंदूक ही केवळ हौसेची वस्तू नव्हती. माळ्यावर रात्र काढणाऱ्या शेतकऱ्याला, जंगलखात्याच्या नाकेदाराला, लहानशा मालगुजाराला एक प्रश्न नेहमीच पडे: गाठीस पैसा बेताचा आहे, तर नेमाला खरी उतरणारी रायफल कोणती घ्यावी?

प्रश्न दिसतो व्यापारी. पण त्यात माणसाचा जीव गुंतलेला असे. छातीत बसलेली गोळी जनावराला जागीच आडवे करते. वीतभर मागे, पोटात बसलेली गोळी त्याला झुडपात नेते. जखमी डुकराचा माग काढताना हाकाऱ्याच्या मांड्या फाटत आणि जखमी वाघाच्या मागावर जो पुढे चाले तो बहुधा बंदुकीचा मालक नसे, गावचा गोंड किंवा बैगा असे. पायाला गोळी लागून लंगडा झालेला वाघ पुढे गुरे आणि कधी माणसेही मारू लागे. म्हणजे शंभर यार्डांवर चार बोटांची चूक करणारी बंदूक कोणी घेतली, याचा हिशेब अनेकदा तिसऱ्याच माणसाला चुकवावा लागे.

या मुलखातील रायफलीची कथा सांगावयाची तर कॅप्टन जेम्स फोरसाइथ या अधिकाऱ्यापासून आरंभ करावा लागतो. १८६२ साली तो मध्य भारतातील जंगलांच्या पाहणीवर होता. पंचमढीचा ‘बायसन लॉज’ हा बंगला त्यानेच उभारला. सातपुड्याच्या पठारांचे आणि नर्मदेच्या उगमाकडील सालवनांचे वर्णन करणारा त्याचा ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हा ग्रंथ १८७१ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी, वयाची चौतिशी गाठण्यापूर्वीच, तो लंडनमध्ये वारला. त्या ग्रंथाची कीर्ती मोठी. परंतु त्याआधी, १८६३ मध्ये, त्याने शिकारी रायफल आणि तिची गोळी यांवर एक छोटे पुस्तक लिहिले होते, ते मात्र फारसे कोणाच्या स्मरणात राहिले नाही. वास्तविक लामत्याच्या माणसाला उपयोगी पडेल असा विचार त्या पुस्तकातच आहे.

तो काळ ठासणीच्या बंदुकांचा आणि काळ्या दारूचा. रायफलीच्या नळीत आतून पिळाचे आटे असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ जाते. त्या वेळच्या कारागिरांचा कल पीळ चांगला आवळ ठेवण्याकडे होता. फोरसाइथचे म्हणणे असे की, शिशाच्या गोल गोळीला इतक्या पिळाची गरजच नाही. पीळ आवळला की दारू जास्त घालता येत नाही, कारण गोळी आट्यांवरून घसरते; दारू कमी घातली की गोळीचा वेग घटतो आणि तिची वाट कमानीसारखी वाकते. मग अंतर अजमावण्यात जरा चूक झाली की नेम वर तरी जातो नाहीतर खाली. त्याने चौदा बोअरच्या नळीला १०४ इंचांत एकच फेरा इतका सैल पीळ सुचविला आणि दारू भरपूर घालावयास सांगितली. हेतू एवढाच की, रानात ज्या अंतरावर बार टाकण्याचा प्रसंग येतो, त्या शंभर यार्डांच्या आसपास, माशी हलवावी न लागता गोळी नेमल्या जागी बसावी. लांबच्या निशाणावर सैनिकी बंदूक काय करते याच्याशी शिकाऱ्याला कर्तव्य नाही. ही साधी गोष्ट त्या काळी नवीन होती. पुढे शंभर वर्षे पुष्कळ खरेदीदार ती विसरत राहिले, हे आणखी विशेष.

अर्थात असली बंदूक साहेबाची. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याच्या दाव्याला बांधले आणि युरोपियनांना मात्र त्यातून मोकळीक दिली. ज्यांना परवाना मिळे त्यांच्या हाती देशी ठासणीची बंदूक येई. तिच्या नळीत आटे नसत. पन्नास पावलांच्या पलीकडे तिचा भरवसा नसे. पावसाळ्यात दारू ओली झाली की तेवढाही नाही.

पुढे धूर न करणारी दारू निघाली, गोळ्यांवर धातूचे वेष्टण आले आणि लहान बोअरची, जलद गोळीची रायफल जन्मास आली. ब्रिटिश फौजेची .३०३ ही त्यांतली इकडे सर्वांत परिचित. नेमाला चांगली, काडतूस मुबलक. बेताच्या पैशाच्या शिकाऱ्याला याहून सोयीची वस्तू मिळती ना. आणि नेमकी तीच त्याला नाकारण्यात आली. वायव्य सरहद्दीवर चोरून जाणाऱ्या शस्त्रांची आणि देशांतर्गत असंतोषाची धास्ती घेतलेल्या सरकारने, जी काडतुसे फौजेच्या बंदुकीत चालतील त्या बोअरच्या रायफली खासगी माणसाला बंद केल्या. .३०३ गेली, जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकीचा बोअर म्हणून.४५० ही गेली. विलायती कारखानदारांनी त्यावर तोड काढली. १९०७ च्या सुमारास .४६५, .४७०, .४७५ असे अंकांचे चमत्कारिक पीक आले, ते या एका बंदीपोटी. राजेरजवाड्यांना त्याने काही अडले नाही. लंडनच्या नामांकित कारखान्याची उत्तम दुनळी रायफल शंभर पौंडांच्या आगेमागे पडे; पौंडाला तेव्हा पंधरा रुपये, म्हणजे दीड हजार रुपये झाले. महिना तीस रुपये मिळविणाऱ्या कारकुनाची ती चार वर्षांहून अधिक कमाई!

साध्या माणसाची सोय लागली ती निराळ्याच दाराने. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेत मानलिखेर रायफलीचे आठ मिलिमीटरचे एक काडतूस होते. हिंदुस्थानात ते कोणत्याही पलटणीजवळ नव्हते; म्हणून सरकारला त्याची भीती नव्हती. इंग्लंडच्या बी. एस. ए. कारखान्याने .३०३ च्याच धर्तीची, तोच ली-एन्फील्डचा खटका असलेली रायफल या काडतुसासाठी घडविली आणि इकडे पाठविली. तीच .३१५. स्वातंत्र्यानंतर बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यातून या बोअरची शिकारी रायफल निघू लागली, आणि तिची काडतुसे पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून येऊ लागली. परकीय चलनाच्या टंचाईने विलायती मालाची आयात आवळली गेली, तेव्हा तर बेताच्या ऐपतीच्या परवानेदाराला ‘तीनशे पंधरा’ हाच मुख्य आधार उरला. शत्रूच्या भयाने केलेल्या बंदीमुळे दूरच्या एका साम्राज्याचे काडतूस बालाघाटच्या धानाच्या शेतात येऊन राखण करू लागले. ते साम्राज्य १९१८ साली लयास गेले. काडतूस मात्र राहिले.

ही रायफल कशी होती? तिची गोळी २४४ ग्रेन वजनाची, वेग सेकंदाला दोन हजार फुटांच्या आगेमागे. शंभर यार्डांवर नेम लावून ठेवला तर दोनशे यार्डांवर गोळी वीतभर खाली उतरते. माळरानावरच्या काळविटासाठी ही उणीव; पण लामत्याच्या दाट रानात दोनशे यार्डांचा बार टाकण्याइतके मोकळे दिसतेच कुठे? ऐंशी-शंभर यार्डांच्या आत चितळ, सांबर, डुक्कर यांना ती पुरून उरे. गव्याला आणि पायउतार होऊन वाघाला मात्र ती हलकी समजली जाई आणि जाणते लोक तसा प्रसंग टाळीत. तिच्या पेटीत काडतुसे भरतानाही एक पथ्य असे: वरच्या काडतुसाच्या बुडाची कड खालच्या कडेच्या पुढे राहिली पाहिजे, नाहीतर ऐन वेळी खटका अडकतो.

मोठ्या बोअरचा मोह त्या काळी फार होता. जिम कॉर्बेट याचे उदाहरण त्यावर उतारा म्हणून पुरेसे आहे. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी त्याला जी रायफल भेट दिली ती रिग्बीची .२७५, म्हणजे सात मिलिमीटरची हलकी बंदूक होती. आणि ती त्याने वर्षानुवर्षे आवडीने वापरली. खांद्याला धक्का कमी, म्हणून चाप ओढताना डोळा मिटत नाही. डोळा मिटला नाही म्हणजे गोळी जागेवर जाते. धक्क्याला बिचकणारा माणूस मोठ्या बंदुकीनेही जनावर जखमीच करतो. आफ्रिकेत बेल नावाच्या शिकाऱ्याने सात मिलिमीटरच्या रायफलीने शेकडो हत्ती पाडले, हेही प्रसिद्ध आहे; मात्र त्याचा हात सगळ्यांचा नव्हे, आणि ते अनुकरण अनेकांना महागात पडले असते.

१९५१ साली मालगुजारी संपली. जुन्या वाड्यांतील हत्यारे हळूहळू बाजारात येऊ लागली आणि कमी पैशात नामांकित विलायती रायफल मिळण्याचा योग या भागात आला. येथेच खरी परीक्षा होती. नक्षीकाम आणि अक्रोडाचा दस्ता पाहून भुलणारा गिऱ्हाईक बहुधा फसे. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीतील रसायन जळले की नळीत मिठासारखा क्षार राही. तो हवेतील ओल ओढून घेई आणि एका पावसाळ्यात आटे खाऊन टाकी. तो क्षार तेलाने निघत नाही. उकळते पाणी ओतूनच काढावा लागतो. ज्या घरी बार टाकल्यावर चहाच्या आधी बंदुकीसाठी आधण ठेवीत, त्या घरची जुनी रायफल घेण्यास हरकत नसे. शहाणा खरेदीदार नळी उजेडाकडे धरून आतील आटे धारदार आहेत की बोथटले ते पाही. सफाईची सळई घासून मोहोराची कड एका अंगाने झिजली असेल तर उरलेली नळी आरशासारखी असूनही ती बंदूक तो परत करी, कारण गोळीचा शेवटचा निरोप तेथेच घेतला जातो.

आणि नुसते पाहून भागत नसे. पन्नास यार्डांवर कागद लावून, दस्त्याखाली पोते ठेवून, एकाच पेटीतील काडतुसांचे चार बार टाकावे लागत. चारही छिद्रे एका कपाच्या तोंडाखाली झाकली गेली तर रानाच्या कामाला ती रायफल पुरेशी; मग ती छिद्रे मध्यापासून दूर का असेनात, कारण माशी सरकविता येते, विखुरलेली छिद्रे मात्र एकत्र आणता येत नाहीत. त्यातही पहिले छिद्र कुठे पडले याकडे लक्ष द्यावयाचे. रानात बार टाकावयाचा तो थंड नळीचा, पहिलाच, आणि बहुधा एकुलता एक.

हिवाळ्यात खरी उतरलेली रायफल पावसाळ्यानंतर चुकू लागली की मालक काडतुसाला दोष देई. दोष पुष्कळदा लाकडाचा असे. दस्त्याचे लाकूड ओलीने फुगून नळीला एका बाजूने रेटते आणि नेम सरकतो. एखादा हुशार सुतार पोस्टकार्डाचा कागद नळीखाली फिरवून, अडेल तेथे लाकूड तासून देई. एवढ्या कामाला पैसा जवळजवळ लागत नसे, आणि नवी दुर्बीण बसवूनही जे साधले नसते ते त्याने साधे. बेताच्या पैशातील अचूकपणा तो असा: साधी बंदूक, उघडी माशी, एकाच जातीची काडतुसे आणि त्यांतली निम्मी सरावासाठी खर्चण्याची तयारी. ही शेवटची गोष्ट लोकांना सर्वांत जड जाई. काडतुसांना पैसे पडत आणि परवान्यावर त्यांची संख्याही ठरलेली असे.

रानाची बाजू मात्र वेगाने बदलत होती. जवळच कान्ह्याच्या परिसरात एका राजकुमाराला स्वातंत्र्याच्या सुमारास तीस वाघ मारू देण्यात आले आणि त्यावर उठलेला गहजब कान्ह्याच्या संरक्षणाला कारण झाला. १९५५ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. त्या राजकुमाराच्या बंदुका अचूक होत्या याविषयी शंका नको. १९७० साली देशभर वाघाची शिकार बंद झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे परवाने इतिहासजमा होत गेले. जीविताला किंवा पिकाला धोका असल्यासच, तोही वरिष्ठ वनाधिकाऱ्याच्या लेखी हुकुमाने, बार टाकता येतो.

बालाघाटच्या रानांत डुकरे आजही धानात उतरतात. रेल्वेचा अरुंद मार्ग जाऊन तेथे रुंद मार्ग आला. जुन्या घरांतील एखादी ‘तीनशे पंधरा’ अजून परवान्यावर आहे. निवडणूक जाहीर झाली की ती कापडात गुंडाळून ठाण्यात जमा होते आणि निकाल लागल्यावर पावती दाखवून परत घरी येते.