विन्स्टन मॅकार्थी : रेडिओवरून ‘ऐकवलेली’ रग्बी

विन्स्टन मॅकार्थी (१९०८–१९८४) हे न्यूझीलंडचे ख्यातनाम रग्बी समालोचक. मराठी श्रोत्यांच्या मनात बाळ ज. पंडित यांच्या क्रिकेट समालोचनाला जे स्थान आहे, तेच न्यूझीलंडच्या जुन्या पिढीत मॅकार्थी यांच्या आवाजाला आहे.

जन्माने वेलिंग्टनकर असलेले मॅकार्थी स्वतः रग्बी खेळलेले होते. १९४५-४६ मध्ये चार्ली सॅक्स्टन यांच्या नेतृत्वाखाली न्यूझीलंडचा ‘किवीज’ हा लष्करी संघ ब्रिटन व फ्रान्सच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा समालोचक म्हणून तेही सोबत होते. तिकडे दुपार, तर इकडे मध्यरात्र उलटलेली. युद्धातून नुकताच बाहेर पडलेला हा देश अंधारात रेडिओभोवती जागा राहिला आणि मॅकार्थी घरोघरी पोहोचले.

त्यांचे वेगळेपण भरधाव बोलण्यापेक्षा थांबण्यात अधिक होते. गोलखांबांच्या दिशेने चेंडू मारला गेला की ते एवढेच म्हणत, ‘ऐका...’ आणि गप्प होत. त्या निःशब्द क्षणात प्रेक्षकांचा गलका उसळे. मग शब्द येत, ‘गोल झाला!’ निकाल आधी मैदानाने सांगायचा, समालोचकाने नंतर. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मचरित्राचे नावही याच उद्गारावरून घेतलेले आहे.

ते रापा आणि एकूणच वायकाटो परिसराला त्या काळाची एक खास आठवण आहे. ते रापाहून काही किलोमीटरवर असलेल्या हॅमिल्टनच्या रग्बी पार्कवर ९ जून १९५६ रोजी वायकाटोने दक्षिण आफ्रिकेच्या बलाढ्य संघाला दौऱ्याच्या पहिल्याच सामन्यात १४-१० असे नमवले. डॉन क्लार्क त्या दिवशी वायकाटोकडून खेळले. याच क्लार्क यांनी १९५९ मध्ये डनेडिन येथे सहा पेनल्टी गोल करून ब्रिटिश लायन्सविरुद्ध न्यूझीलंडला १८-१७ असा विजय मिळवून दिला. लायन्सनी चार ट्राय केले होते, न्यूझीलंडने एकही नाही. त्या विजयाच्या न्याय्यतेविषयीचा वाद आजही रंगतो. क्लार्क यांच्यासारखा लांबून अचूक किक मारणारा खेळाडू असला, की ‘ऐका’ नंतरची ती शांतता श्रोत्यांचा जीव टांगणीला लावी.

१९५९ मध्येच मॅकार्थी रग्बी समालोचनातून निवृत्त झाले. न्यूझीलंडमध्ये दूरचित्रवाणीचे नियमित प्रक्षेपण १ जून १९६० रोजी ऑकलंड येथून सुरू झाले. चेंडू खांबांमधून गेला की नाही, हे त्यानंतर हळूहळू प्रत्येकाला घरबसल्या दिसू लागले.