संमतिवयाचा वाद

समाजसुधारणेला होणारा विरोध नेहमीच रूढीचे उघड समर्थन करीत पुढे येतो, असे नाही. सुधारणा हवी, परंतु ती या मार्गाने नको आणि या हातांनी तर नकोच, असे तो पुष्कळदा म्हणत असतो. १८९१ साली महाराष्ट्रात पेटलेला संमतिवयाचा वाद हे त्याचे ठळक उदाहरण होय.

बेहरामजी मलबारी यांनी १८८४ साली बालविवाह व सक्तीचे वैधव्य या प्रश्नांना तोंड फोडले. अजाण वयात लागलेले लग्न मान्य नसलेल्या रखमाबाईंना १८८७ साली मुंबईच्या न्यायालयाने, नांदावयास जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असे फर्मावले. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या बळजबरीने मरण पावली. कायद्यातील वयोमर्यादा दहाच वर्षांची असल्यामुळे पतीवर बलात्काराचा आरोप ठेवता येईना. ही मर्यादा बारा वर्षांवर नेणारे विधेयक जानेवारी १८९१ मध्ये मांडले गेले आणि १९ मार्च रोजी संमत झाले.

लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून या विधेयकाला कडाडून विरोध केला. मात्र ते बालविवाहाचे कैवारी नव्हते. मुलीचे लग्न सोळाव्या आणि मुलाचे विसाव्या वर्षापूर्वी करू नये, असे बंधन सुधारकांनी आधी स्वतःवर घालून घ्यावे, असे त्यांनीच सुचविले होते. परक्या सरकारने धर्मात हात घालू नये, हा त्यांचा मुख्य आक्षेप. उलटपक्षी रा. गो. भांडारकरांनी शास्त्राधार देऊन विधेयकाची बाजू मांडली, तर आगरकरांनी तीच बाजू बुद्धीच्या निकषावर लावून धरली.

परकी सत्ता हेच विरोधाचे खरे कारण असते, तर सत्तेबरोबर तोही ओसरावयास हवा होता. परंतु १९२९ साली अजमेरच्या हरबिलास सारडा या भारतीय सभासदाच्या विधेयकाने मुलींचे विवाहवय चौदा ठरविले, तेव्हाही धर्म बुडाल्याची ओरड झालीच. स्वतंत्र भारतात हिंदू संहिता विधेयक आले, तेव्हा ही संसद प्रौढ मतदानाने निवडलेली नाही, असा नवा आक्षेप निघाला. विधेयक रखडले आणि १९५१ साली डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. अमेरिकेतही १९५४ साली शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरला, तेव्हा विरोधकांनी घटक राज्यांच्या अधिकारांची ढाल पुढे केली.

अशा आक्षेपांत तथ्य नसतेच, असे म्हणता येणार नाही. परकीय सत्तेविषयी टिळकांना वाटणारा संशय साधार होता. तथापि योग्य हातांची वाट किती काळ पाहावयाची, हे ठरविणारे आणि त्या प्रतीक्षेची किंमत मोजणारे वेगवेगळे होते. विवाहवय मुलींसाठी अठरा व मुलांसाठी एकवीस होण्यास १९७८ साल उजाडावे लागले. फुलमणीच्या वयाच्या मुलीजवळ तेवढा अवधी नव्हता.